आपलीच गाणी विकत घेताना

पंधरा-सोळा वर्षांची नात ज्या घरात आहे, त्या घरात टेलर स्विफ्ट हे नाव कधी ना कधी कानावर पडलेले असतेच. आजी-आजोबांना तिचे गाणे ओळखता येत नसले, तरी तिच्याविषयीचे आकडे ऐकून तेही थबकतात. या अमेरिकन गायिकेचा ‘एराज टूर’ हा गायनदौरा १७ मार्च २०२३ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे सुरू झाला आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे संपला. पाच खंडांतील ५१ शहरे, १४९ कार्यक्रम, एक कोटीहून अधिक श्रोते आणि केवळ तिकीटविक्रीतून २०७ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न, असा त्याचा हिशेब आहे. एका गायनदौऱ्याने दोनशे कोटी डॉलरचा टप्पा ओलांडावा, असे त्यापूर्वी कधीही घडले नव्हते. हा दौरा भारतात आला नाही. सिंगापूरला मार्च २०२४ मध्ये झालेले सहा कार्यक्रम हेच काय ते आपल्याला सर्वांत जवळचे. तरीही येथील मुलामुलींना त्याची खडान्‌खडा माहिती होती.

या कीर्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या कारकिर्दीतील सर्वांत बोधप्रद भाग मात्र एका करारनाम्याभोवती फिरतो. वयाच्या पंधराव्या वर्षी झालेल्या त्या करारनाम्याने जे तिच्या हातून गेले, ते परत मिळवण्यास तिला वीस वर्षे लागली. पहिल्या अकरा वर्षांत तिने गायिलेल्या आणि जगभर विकल्या गेलेल्या गाण्यांची ती मालकीण नव्हती, ही गोष्ट तिच्या अनेक चाहत्यांनाही २०१९ पर्यंत ठाऊक नव्हती.

टेलर स्विफ्टचा जन्म १३ डिसेंबर १९८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. वडील मेरिल लिंच या प्रसिद्ध वित्तसंस्थेत शेअरदलाल होते. आईनेही काही काळ म्युच्युअल फंडाच्या क्षेत्रात काम केलेले होते. नाताळच्या झाडांच्या शेतीवर तिचे बालपण गेले. आईची आई मार्जोरी फिनले या ऑपेरा गायिका होत्या. गाण्याचा वारसा तिकडून आला असे मानले जाते. घरात पैशाची चणचण नव्हती, हे येथेच सांगितले पाहिजे, कारण गरिबीतून वर आलेल्या कलावंताची नेहमीची कथा येथे लागू पडत नाही. घरात गुंतवणूक, भागभांडवल, जोखीम हे शब्द रोजच्या बोलण्यातले होते. पुढे तिने जे केले त्याचा या वातावरणाशी काहीच संबंध नसेल, असे म्हणवत नाही.

वयाच्या अकराव्या वर्षी ती आईसोबत टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेली आणि दुसऱ्यांच्या गाण्यांच्या स्वतः गायिलेल्या ध्वनिफिती कंपन्यांच्या कचेऱ्यांतून वाटत फिरली. कुणीही दाद दिली नाही. त्या शहरात तिच्यासारख्या गोड गळ्याच्या मुली शेकड्यांनी होत्या. मग तिने गिटार हाती घेतली आणि स्वतःची गाणी लिहू लागली. तेराव्या वर्षी आरसीए या मोठ्या कंपनीने तिच्याशी जो करार केला, तो घडणीच्या काळापुरताच होता. अल्बम काढण्यासाठी आणखी थांबावे, असे कंपनीचे मत पडले तेव्हा ती तेथून बाहेर पडली. इतक्या लहान वयात मोठे नाव सोडून देणे हे धाडस होते. कुटुंबाचा पाठिंबा नसता तर ते शक्य नव्हते. चौदाव्या वर्षी सारे कुटुंब नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिल या गावी राहावयास गेले आणि वडिलांनी आपली बदली तिकडे करून घेतली.

नॅशव्हिल हे शहर समजून घेतल्याशिवाय पुढचा व्यवहार उलगडणार नाही. अमेरिकेतील ‘कंट्री’ या लोकसंगीतातून आलेल्या गानप्रकाराचे ते माहेरघर. तेथे गायकाइतकाच गीतकाराला मान आहे. दोघे-तिघे गीतकार ठरल्या वेळी एका खोलीत बसतात आणि संध्याकाळपर्यंत गाणे लिहून उठतात; कारकुनाने कचेरीत जावे तसे हे काम नियमाने चालते. सोनी-एटीव्ही या प्रकाशनसंस्थेने चौदा वर्षांच्या टेलरला गीतकार म्हणून करारबद्ध केले. शाळा सुटली की ती लिझ रोझ या अनुभवी गीतकार स्त्रीबरोबर गाणी लिहावयास बसे. गायिका म्हणून नाव होण्याआधीच ती गीतकार म्हणून कागदोपत्री नोंदली गेली होती. ही नोंद पुढे तिला केवढी उपयोगी पडली, हे ओघाने येईलच.

गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. ती कवीची आणि संगीतकाराची निर्मिती, आणि तिचा स्वामित्वहक्क त्यांचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा. दुसरी म्हणजे ते गाणे प्रत्यक्ष गाऊन, वाजवून केलेले ध्वनिमुद्रण, ज्याला या व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात. आपल्याकडील जुन्या भावगीताच्या तबकडीवर कवी, संगीतकार आणि गायक अशी तिघांची नावे छापलेली असत. त्या ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र बहुधा कंपनीची असे. शेतजमिनीच्या भाषेत सांगावयाचे तर जमीन कसणारा एक आणि सात-बाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार. गायकाला पिकातला ठरलेला वाटा, म्हणजे स्वामित्वधन मिळते. तेसुद्धा कंपनीने आधी दिलेली उचल आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च वळता झाल्यानंतर. जमीन विकायची झाली तर कसणाऱ्याला विचारण्याची गरज नसते.

नोव्हेंबर २००४ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ब्ल्यूबर्ड कॅफे’ या लहानशा जागेत टेलर गात असताना स्कॉट बोर्चेटा या ध्वनिमुद्रण-व्यवसायातील अनुभवी अधिकाऱ्याने तिला ऐकले. तो स्वतःची कंपनी काढण्याच्या बेतात होता; कंपनीला अद्याप नावही नव्हते. २००५ मध्ये ‘बिग मशीन’ ही कंपनी उभी राहिली आणि टेलर तिच्या अगदी पहिल्या गायकांपैकी एक ठरली. तिच्या वडिलांनी कंपनीचे सुमारे तीन टक्के भाग विकत घेतले. सहा अल्बमचा करार झाला आणि प्रथेप्रमाणे सर्व मूळ ध्वनिमुद्रणे कंपनीच्या मालकीची राहणार असे ठरले. या करारात फसवणूक नव्हती. अनोळखी मुलीवर नवी कंपनी भांडवल लावत होती. गाणी चालली नसती तर तोटा कंपनीने सोसला असता. जोखीम ज्याची, मालमत्ता त्याची, हा व्यापारातला जुनाच नियम आहे. प्रश्न एवढाच, की जोखीम संपून लाभाची वर्षे सुरू झाल्यावरही तो नियम कायमचा चालू ठेवावा काय?

पहिला अल्बम २४ ऑक्टोबर २००६ रोजी निघाला. रेडिओ केंद्रांना एकेक करून भेटी देत, मोठ्या गायकांच्या कार्यक्रमांत आरंभी दोन-चार गाणी गात तिने तो खपवला. बिलबोर्ड या व्यवसायपत्राच्या पहिल्या दोनशे अल्बमच्या यादीत तो १५७ आठवडे टिकला. २००८ चा ‘फिअरलेस’ हा दुसरा अल्बम तिला कंट्रीच्या कुंपणाबाहेर घेऊन गेला आणि ३१ जानेवारी २०१० रोजी त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या वेळी ती वीस वर्षांची होती. तोपर्यंत एवढ्या लहान वयात तो मान कुणालाही मिळाला नव्हता. मग कुजबुज सुरू झाली, की गाणी खरे तर तिचे सहकारी गीतकार लिहीत असावेत. तिने वाद घातला नाही. २०१० चा ‘स्पीक नाऊ’ हा संपूर्ण अल्बम तिने एकटीने लिहिला. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘रेड’ आणि ‘१९८९’ या पुढील दोन अल्बमनीही पहिल्या आठवड्यातच दहा लाखांचा टप्पा ओलांडला. २०१४ च्या ‘१९८९’ पासून तिने कंट्रीचा निरोप घेऊन उघडपणे पॉप संगीत स्वीकारले. मॅक्स मार्टिन हा स्वीडिश संगीतकार या कामी तिचा प्रमुख सहकारी होता.

तिच्या गाण्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आवाजाच्या पल्ल्यात व्हिटनी ह्यूस्टन किंवा सेलीन डिऑन यांच्याशी तिची तुलना होणार नाही, आणि तसा दावा तिच्या जाणत्या चाहत्यांनीही केलेला नाही. तिचे बळ कथनात आहे. एखादी विसरलेली वस्तू, एखादा महिना, एखाद्या गावाचे नाव यांतून ती प्रसंग उभा करते आणि सोळा वर्षांच्या मुलीला आपल्याच रोजनिशीचे पान कुणी वाचून दाखवीत असल्यासारखे वाटते. प्रौढ समीक्षकांनी आरंभी या विषयांची थट्टा केली. वास्तविक तरुण पुरुषाच्या प्रेमभंगाला काव्य म्हणणाऱ्यांनी तरुण मुलीच्या प्रेमभंगाला पोरकटपणा म्हणावे, हा न्याय एकतर्फी होता.

याच काळात तिच्यातील व्यवहारज्ञ व्यक्ती लोकांपुढे येऊ लागली. इंटरनेटवरून फुकट किंवा अत्यल्प वर्गणीत गाणी ऐकवणाऱ्या सेवांचा तो उदयकाळ. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने आपली सर्व गाणी स्पॉटिफाय या सेवेवरून काढून घेतली. ज्याला मोल आहे त्याचे मोल दिले गेले पाहिजे, अशी तिची भूमिका होती. जून २०१७ पर्यंत ती गाणी तेथे परतली नाहीत. २०१५ च्या जूनमध्ये ॲपल कंपनीने आपली संगीतसेवा सुरू करताना ग्राहकांना पहिले तीन महिने फुकट देऊ केले आणि त्या काळात कलावंतांनाही काही द्यायचे नाही असे ठरवले. तिने उघड पत्र लिहिले. आपल्यासाठी नव्हे, तर ज्यांचा पहिलाच अल्बम निघतो आहे त्यांच्यासाठी लिहीत असल्याचे तिने त्यात स्पष्ट केले होते. एका दिवसाच्या आत ॲपलने निर्णय फिरवला. आपल्या दुकानाची नवी शाखा उघडताना ग्राहकाला दिलेली सवलत पुरवठादाराच्या खिशातून वसूल करण्याची युक्ती कोणत्याही व्यापाऱ्याला परिचित असते; ती उघड्यावर आणणारा पुरवठादार मात्र क्वचित भेटतो.

२०१७ चा ‘रेप्युटेशन’ हा सहावा अल्बम निघाला आणि बिग मशीनशी असलेला करार पूर्ण झाला. नवा करार करताना आपली जुनी ध्वनिमुद्रणे परत मिळावीत, ही तिची मागणी होती. तिच्या म्हणण्यानुसार, प्रत्येक नव्या अल्बमच्या बदल्यात एक जुना अल्बम परत, असा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवला गेला; म्हणजे भूतकाळ सोडवून घेण्यासाठी भविष्यकाळ गहाण ठेवायचा. बोर्चेटाचे म्हणणे वेगळे होते. आपण तिला योग्य प्रस्ताव दिला होता, असे सांगून त्याने त्यातील काही अटी प्रसिद्ध केल्या. खरे-खोटे ते दोघे जाणोत. तिने सही केली नाही, एवढे निश्चित. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिने युनिव्हर्सल समूहातील रिपब्लिक या कंपनीशी करार केला. यापुढची सर्व ध्वनिमुद्रणे तिच्या स्वतःच्या मालकीची राहतील, अशी त्यात अट होती. आणखी एक अट तिने घातली. युनिव्हर्सलने आपल्याकडील स्पॉटिफायचे शेअर विकले तर त्या रकमेतील वाटा कंपनीच्या सर्व कलावंतांना द्यावा आणि तो त्यांच्या जुन्या उचलीत वळता करून घेऊ नये. ही दुसरी अट फारशी गाजली नाही. पण उचल घेऊन वर्षानुवर्षे कर्जात राहिलेल्या साध्या गायकांसाठी तिचे मोल मोठे होते.

जून २०१९ च्या अखेरीस बातमी आली, की स्कूटर ब्रॉन या संगीत-व्यवस्थापकाच्या इथाका होल्डिंग्ज या कंपनीने बिग मशीन विकत घेतली. सुमारे ३० कोटी डॉलरचा तो व्यवहार होता आणि टेलरच्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे त्यातील सर्वांत मौल्यवान भाग. हा ब्रॉन ज्या गायकांचे काम पाहत असे, त्यांत एकेकाळी कान्ये वेस्ट होता. २००९ मध्ये टेलर पुरस्कार स्वीकारत असताना भर मंचावर तिच्या हातून ध्वनिक्षेपक हिसकावून घेणारा तोच हा गायक. पुढे २०१६ मध्येही त्याच्याशी तिचा जाहीर आणि कटू वाद झाला होता. आपली आयुष्यभराची कमाई नेमकी त्याच गोटात गेल्याचे पाहून तिने अतिशय कडवट शब्दांत आपली व्यथा मांडली. कायद्याच्या दृष्टीने तिची तक्रार टिकणारी नव्हती. कंपनीच्या भागधारकांत तिचे वडीलही होते, हे विरोधकांनी लगेच दाखवून दिले. मालकाने आपली मालमत्ता विकली होती. त्यासाठी कुणाची संमती घ्यावी लागत नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रॉनने ती ध्वनिमुद्रणे पुन्हा विकली. या वेळी ग्राहक होती शॅमरॉक ही डिझनी कुटुंबातील रॉय ई. डिझनी यांनी स्थापन केलेली गुंतवणूकसंस्था, आणि किंमत ३० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे वृत्त होते. शॅमरॉकने टेलरला भागीदारीसाठी विचारले. परंतु व्यवहारातील अटींनुसार पुढील उत्पन्नाचा काही लाभ ब्रॉनला मिळत राहणार हे कळल्यावर तिने नकार दिला.

येथे गीतकार म्हणून असलेला तिचा हक्क कामाला आला. ध्वनिमुद्रण दुसऱ्याचे असले तरी शब्द आणि चाल तिची होती. चित्रपटात, मालिकेत किंवा जाहिरातीत एखादे ध्वनिमुद्रण वापरायचे तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि गीताच्या मालकाची, अशा दोघांची परवानगी लागते. तिने जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी ही परवानगी देण्याचे थांबवले. दुसरी गोष्ट अशी, की अमेरिकन कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क फक्त त्या विशिष्ट मुद्रित ध्वनीपुरता असतो; तेच गाणे, त्याच वाद्यमेळात, हुबेहूब तसेच पुन्हा गाऊन नवे ध्वनिमुद्रण करण्यास तो आड येत नाही. करारात मात्र तसे करण्यावर काही वर्षांची बंदी असते. तिच्या बाबतीत ती बंदी नोव्हेंबर २०२० मध्ये उठू लागणार होती. गायिका केली क्लार्कसन हिने २०१९ च्या जुलैमध्ये हा मार्ग जाहीरपणे सुचवला होता. ऑगस्टमध्ये टेलरने आपण सर्व गाणी पुन्हा मुद्रित करणार असल्याचे सांगितले.

व्यवसायातील पुष्कळांना ही कल्पना बालिश वाटली. पूर्वीही काही गायकांनी असे प्रयत्न केले होते आणि श्रोते जुन्याच मुद्रणाकडे परतले होते. कानाला सवय झालेल्या ध्वनीची जागा नव्याने घेणे कठीण असते. शिवाय सतराव्या वर्षी लिहिलेले गाणे एकतिसाव्या वर्षी गाताना आवाजातले कोवळेपण आणायचे कोठून? तिने दौऱ्यांतील आपल्या जुन्या वादकांपैकी अनेकांना बरोबर घेतले, मूळ मुद्रणाचा बारकाईने माग काढला आणि प्रत्येक अल्बमला पूर्वी न वापरलेल्या गाण्यांची जोड दिली. नव्या अल्बमच्या नावापुढे ‘टेलर्स व्हर्शन’ असे लिहिले गेले. ते दोन शब्द मालकीची नोंदच होते आणि ते वाचून खरेदी कोणती करायची हे चाहत्यांना कळत होते. ‘फिअरलेस’चे नवे मुद्रण ९ एप्रिल २०२१ रोजी निघाले आणि बिलबोर्डच्या यादीत पहिल्या स्थानी गेले, पुन्हा मुद्रित केलेल्या अल्बमला हा मान प्रथमच मिळाला. ‘रेड’च्या नव्या मुद्रणातील एक गाणे दहा मिनिटांहून लांब होते, तरी ते देशातील पहिल्या क्रमांकाचे गाणे ठरले. इतके दीर्घ गाणे त्या स्थानी त्यापूर्वी कधी पोहोचले नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘१९८९’च्या नव्या मुद्रणाने तर पहिल्या आठवड्यात साडेसोळा लाखांच्या आसपास मजल मारून नऊ वर्षांपूर्वीच्या मूळ अल्बमलाही मागे टाकले.

नवी निर्मितीही या काळात थांबली नव्हती. करोनाच्या साथीत सारे घरात कोंडले गेले असताना जुलै आणि डिसेंबर २०२० मध्ये तिने ‘फोकलोर’ आणि ‘एव्हरमोर’ हे दोन शांत, अंतर्मुख अल्बम काढले. संगीताच्या जाणकारांना हे तिचे सर्वांत परिपक्व काम वाटते. ‘फोकलोर’ला ग्रॅमी मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मिडनाइट्स’साठी तिला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार चौथ्यांदा देण्यात आला. फ्रँक सिनात्रा, पॉल सायमन आणि स्टीव्ही वंडर या दिग्गजांच्या नावावर गायक म्हणून प्रत्येकी तीन होते.

गीताचा हक्क हातचा न सोडण्याची परंपरा त्या नॅशव्हिलचीच आहे. तेथील ज्येष्ठ गायिका डॉली पार्टन यांचे १९७४ मधील एक गीत एल्व्हिस प्रेस्ली गाणार होता. त्याच्या व्यवस्थापकाने गीताच्या प्रकाशनहक्कातील अर्धा हिस्सा मागितला. एल्व्हिसने आपले गीत गावे याहून मोठे भाग्य तेव्हा नव्हते. तरीही पार्टनबाईंनी रडत-रडत नकार दिला. १९९२ मध्ये तेच गीत व्हिटनी ह्यूस्टन यांनी एका चित्रपटासाठी गायिले आणि त्याचे पुरे स्वामित्वधन पार्टनबाईंच्या पदरात पडले. आपल्याकडे लता मंगेशकर यांनी साठच्या दशकात गायकांनाही स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला, तेव्हा मोहम्मद रफी यांच्यासारखे सहगायकही त्यांच्याशी सहमत झाले नाहीत आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणेही टाळले. भारतीय कायद्यात गीतकार आणि संगीतकारांचा हा वाटा सुरक्षित करणारी, गायकांच्या हक्कालाही मान्यता देणारी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. मधली पन्नास वर्षे किती कलावंत हात चोळत गेले असतील, याची मोजदाद कोण करणार?

सारे श्रेय एकट्या टेलरच्या निर्धाराला देणे मात्र भाबडेपणाचे होईल. तिच्याजवळ पैसा होता, उत्तम वकील होते आणि तिने हाक देताच जुने सोडून नवे विकत घेणारा प्रचंड चाहतावर्ग होता. सामान्य गायकाला हा मार्ग खुला नाही. तिच्या व्यापारी पद्धतीवरही आक्षेप आहेत आणि ते निराधार नाहीत. एकच अल्बम निरनिराळ्या वेष्टनांत, निरनिराळ्या रंगांच्या तबकड्यांवर, कोठे एखादे जादा गाणे घालून विकला जातो आणि निष्ठावंत मुले खाऊचे पैसे साठवून तो पुन्हा-पुन्हा घेतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ने पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे ४० लाखांचा नवा उच्चांक केला, त्यात अशा अनेक आवृत्त्यांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एराज’ची तिकिटे विक्रीला निघाली तेव्हा तिकीटमास्टर या कंपनीची यंत्रणा कोलमडली. एका दिवसात वीस लाखांहून अधिक तिकिटे विकली जाऊनही असंख्य लोक रिकाम्या हाताने परतले आणि पुढे काळ्या बाजारात अवाच्या सवा भाव झाले. त्यावर अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, एवढा तो प्रश्न पेटला. दुसरीकडे, दौऱ्यातील ट्रकचालकांपासून नर्तकांपर्यंत सर्वांना मिळून १९ कोटी ७० लाख डॉलर बक्षिसापोटी वाटल्याचे वृत्तही प्रसिद्ध झाले आहे. शहरोशहरी गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थांना तिने गाजावाजा न करता देणग्या दिल्या. दौऱ्यावरचा चित्रपटही तिने हॉलिवूडच्या स्टुडिओंना वगळून थेट एएमसी या चित्रपटगृहांच्या साखळीशी बोलणी करून २०२३ मध्ये प्रदर्शित केला. मधला दलाल कोठे टाळता येतो, हे तिला नेमके समजते.

दौऱ्याच्या उत्पन्नाने मागची किंमत चुकती करण्याची ताकद आली. शॅमरॉकशी पहिली बोलणी करावयास वकिलांचा ताफा न पाठवता तिने आई आणि भाऊ यांना पाठवले. ही गाणी आपल्यासाठी गुंतवणूक नसून आयुष्य आहे, हे घरच्यांनी सांगितलेले अधिक पोहोचेल असे तिला वाटले. ३० मे २०२५ रोजी तिने पत्राद्वारे जाहीर केले, की सहाही अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, छायाचित्रे, मुखपृष्ठे आणि अप्रकाशित गाणी यांची मालकी आता तिच्याकडे आली आहे. किंमत तिने सांगितली नाही. वृत्तपत्रांनी ती सुमारे ३६ कोटी डॉलर असल्याचे लिहिले. त्या पत्रात शॅमरॉकच्या सचोटीबद्दल तिने आभारही मानले. नव्या मुद्रणांमुळे जुनी ध्वनिमुद्रणे निर्मूल्य झाली, असे चाहते अभिमानाने म्हणत असत. तसे असते तर एवढी किंमत मोजण्याचे कारणच नव्हते. जुने सोने जुनेच राहिले. पण गीतकाराच्या सहकार्यावाचून त्याचे पुरे चीज होणार नाही, हे मालकाला कळून चुकले असावे, आणि सौदा त्यातून जमला.

या प्रकरणानंतर काही ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सावध होऊन नव्या करारांत पुनर्मुद्रणावरील बंदीची मुदत वाढवण्यास सुरुवात केल्याची वृत्ते आहेत. कोठे ती दहा, कोठे पंधरा, तर कोठे तीस वर्षांची मागितली जाते. उलट बाजूने, आपली ध्वनिमुद्रणे आपल्याच नावावर ठेवण्याची अट घालून सही केल्याचे आपल्याला नवे कलावंत येऊन सांगतात, असे तिने त्या पत्रात लिहिले आहे. सहांपैकी दोन अल्बमची नवी आवृत्ती निघालेली नाही. ‘रेप्युटेशन’चे पाव कामही झालेले नव्हते, आयुष्यातील त्या कटू काळाचा सूर पुन्हा लावताना आपण अडखळत होतो, असे तिने कळवले. पहिल्या अल्बमचे, म्हणजे पंधराव्या वर्षी केलेल्या करारातून जन्मलेल्या गाण्यांचे, नवे ध्वनिमुद्रण मात्र पूर्ण तयार आहे आणि ते तिच्या संग्रही आहे.